विश्लेषण : स्पीडबोटीत हॉर्सपॉवर महत्त्वाची की टॉर्क? इंजिन निवडताना नेमके काय पाहायचे?

गेटवेहून मांडव्याला जाणारी स्पीडबोट असो, तारकर्लीत पॅराशूट ओढणारी बोट असो किंवा सागरी पोलिसांची गस्तीनौका असो, तिच्याविषयी विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘इंजिन किती हॉर्सपॉवरचे?’ जाणकार म्हणवणारे पुढे जाऊन सांगतात, की हॉर्सपॉवर जाहिरातीपुरती, खरी ताकद टॉर्कची. दोन्ही विधाने अर्धवट आहेत. पाण्यावर वेग कोण देते, इंजिनाचे आकडे आणि प्रत्यक्षातला वेग यांत अंतर का पडते, शर्यतीच्या बोटी कोणती इंजिने वापरतात आणि शक्ती किती झाली म्हणजे ती धोक्याची ठरते, याचा हा आढावा.

हॉर्सपॉवर आणि टॉर्क यांत फरक काय?

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. पान्याने नट सोडवताना हात जो पीळ देतो, तो टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. नट जाम असेल आणि हललाच नाही, तरी टॉर्क लागलेला असतोच. काम मात्र झालेले नसते. हा पीळ किती वेगाने फिरतो आहे हे त्यात मिळवले, की शक्ती म्हणजे पॉवर निघते. जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्याशी करण्यासाठी हॉर्सपॉवर हे माप रूढ केले. आजच्या हिशेबात एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७४६ वॅट.

दोहोंचे नाते एका साध्या सूत्रात मावते : न्यूटन-मीटरमधील टॉर्कला मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी गुणायचे आणि ७१२१ ने भागायचे, की हॉर्सपॉवर मिळते. म्हणजे हॉर्सपॉवर आणि टॉर्क हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. हॉर्सपॉवर टॉर्कमधूनच तयार होते. कमी टॉर्कचे इंजिन जास्त फेऱ्या मारून तेवढीच शक्ती देऊ शकते आणि जास्त टॉर्कचे इंजिन कमी फेऱ्यांत.

मग टॉर्क जास्त असलेले इंजिन अधिक ताकदवान नाही का?

एक उदाहरण घेऊ. दोन इंजिने आहेत, दोन्ही ३०० हॉर्सपॉवरची. पहिले पेट्रोलचे असून ही शक्ती ते ६००० फेऱ्यांवर देते. सूत्राप्रमाणे तेथे त्याचा टॉर्क सुमारे ३५६ न्यूटन-मीटर होतो. दुसरे डिझेलचे, ३६०० फेऱ्यांवर ३०० हॉर्सपॉवर देणारे. त्याचा टॉर्क सुमारे ५९३ न्यूटन-मीटर. कागदावर डिझेल कितीतरी पुढे दिसते.

आता दोघांनाही एकाच गतीने, मिनिटाला ३००० फेऱ्यांनी, पंखा फिरवायला लावू. पेट्रोल इंजिनाला दोनास एक असा गिअर लागेल. गिअर फेऱ्या निम्म्या करतो आणि टॉर्क दुप्पट करतो. पंख्याच्या दांड्यावर ७१२ न्यूटन-मीटर पोहोचतात. डिझेलला १.२ चा गिअर पुरतो आणि ५९३ गुणिले १.२ म्हणजे तेथेही ७१२ न्यूटन-मीटरच. घर्षणातली थोडी घट सोडली, तर पूर्ण थ्रॉटलवर दोन्ही बोटींच्या पंख्याला मिळणारा पीळ सारखाच.

यातली मेख अशी, की गिअर लावून टॉर्क वाढवता येतो, शक्ती वाढवता येत नाही. त्यामुळे बोटीचा कमाल वेग शक्तीच ठरवते. टॉर्कचा प्रश्न येतो तो कमाल वेगाला पोहोचण्याच्या आधी. मधल्या फेऱ्यांवर, म्हणजे २५०० ते ४००० च्या पट्ट्यात, इंजिनाजवळ किती पीळ शिल्लक आहे? बोट भरलेली असताना, समोरून लाट येत असताना कसोटी तेथे लागते. म्हणून एकच कमाल आकडा पाहण्यापेक्षा सर्व फेऱ्यांवर टॉर्क कसा चढतो-उतरतो याचा आलेख पाहणे महत्त्वाचे.

मोटारीचे गणित बोटीला का लागू होत नाही?

महामार्गावर शंभरच्या वेगाने सपाट रस्त्यावर चालणारी मोटार तिच्या इंजिनाच्या शक्तीचा लहानसा भागच वापरत असते. पाय काढला तरी ती बरेच अंतर घरंगळत जाते. बोटीला ही सवलत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट दाट असते आणि त्याचा विरोध क्षणभरही थांबत नाही. बोट सतत चढ चढत असलेल्या मालमोटारीसारखी असते. सागरी इंजिनाला तासन् तास ६०-७० टक्के किंवा त्याहून जास्त भार पेलावा लागतो. मोटारीत वर्षानुवर्षे कुरकुर न करणारे इंजिन तसेच उचलून बोटीत बसवले, तर ते लवकर थकते त्याचे कारण हेच. सागरी इंजिनाला थंड ठेवण्याची व्यवस्था, खाऱ्या पाण्याला टिकणारे धातू आणि ठिणगी बाहेर पडू न देणारी विद्युत उपकरणे लागतात ती वेगळीच.

दुसरा मोठा फरक गिअरचा. मोटारीला पाच-सहा गिअर असतात, बहुतेक बोटींना पुढे जाण्यासाठी एकच. मोटारीतला चालक चढावर गिअर बदलतो. बोटीतल्या चालकाला तीच एक जोडणी सुटण्यापासून कमाल वेगापर्यंत वापरावी लागते.

‘प्लेनिंग’ म्हणजे काय आणि तेथे टॉर्क का लागतो?

संथ जाणारी बोट आपल्या वजनाएवढे पाणी बाजूला सारत जाते. अशा बोटीच्या वेगाला नैसर्गिक मर्यादा असते आणि ती बोटीच्या लांबीवर ठरते. पाण्याला टेकलेली लांबी २५ फूट असेल, तर ही मर्यादा सुमारे पावणेसात नॉट, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटर येते. त्यापुढे बोट स्वत:च उठवलेल्या लाटेवर चढू लागते. नाळ वर उचलली जाते, मागची बाजू बसते, पाण्याचा विरोध झपाट्याने वाढतो. हा टप्पा ओलांडला, की तळाखालच्या पाण्याच्या दाबाने बोट वर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून घसरू लागते. यालाच प्लेनिंग म्हणतात. सर्व वेगवान बोटींचे रहस्य हेच.

अडचण अशी, की विरोधाचा हा उंचवटा नेमका तेव्हा येतो, जेव्हा इंजिन कमी फेऱ्यांवर असते आणि त्याची पूर्ण शक्ती उपलब्ध नसते. येथे मधल्या फेऱ्यांवरचा टॉर्क तोकडा पडला, तर बोट नाळ वर करून पाणी नांगरत राहते. चालकाला पुढचे दिसत नाही, पेट्रोल मात्र भसाभसा जळते. रिकामी असताना पाच सेकंदांत प्लेनवर येणारी बोट दहा प्रवासी बसल्यावर उंचवटा चढेनाशी होते, ती यामुळेच.

उत्पादकांनी यावर वेगवेगळे उपाय काढले. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच दांड्यावर चालत असल्याने कमी फेऱ्यांपासूनच जास्त हवा आत ढकलतो. टर्बोचार्जर धुराच्या झोतावर चालतो, म्हणून त्याला जोर धरायला क्षणभर लागतो. पण तो वाया जाणारी ऊर्जा वापरतो. मर्क्युरी कंपनीने २०२१ मध्ये आणलेल्या ६०० हॉर्सपॉवरच्या व्हेराडो या बारा सिलिंडरच्या आउटबोर्ड इंजिनात थेट दोन गिअरची स्वयंचलित पेटी बसवली. बोट प्लेनवर येईपर्यंत पहिला गिअर, नंतर दुसरा. टॉर्क वाढवता येतो आणि तो केव्हा लागतो, या दोन्ही गोष्टींचा हा रोकडा पुरावा.

शक्ती दुप्पट केली तर वेग दुप्पट होतो का?

नाही. अमेरिकी नौकारचनाकार जॉर्ज क्राउच यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र आजही पहिल्या अंदाजासाठी वापरतात. प्लेनिंग करणाऱ्या बोटीचा वेग हा शक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, असे ते सांगते. सव्वादोन टन वजनाची साधी बोट २०० हॉर्सपॉवरवर ३० नॉट, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर जात असेल, तर ४०० हॉर्सपॉवरवर ती ४२ नॉटच्या आसपास जाईल. ६० नॉट हवे असतील, तर ८०० हॉर्सपॉवर लागतील. तेही वजन तेवढेच राहिले तर! प्रत्यक्षात मोठे इंजिन, मोठी टाकी आणि ते पेलणारी मजबूत बांधणी यांचे वजन वाढतेच.

याची दुसरी बाजू फायद्याची आहे. हेच सूत्र सांगते, की वजन कमी करणे म्हणजे शक्ती वाढवण्यासारखेच आहे. बोटीत साठलेले सामान, गळतीचे पाणी, तळाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले काढले, तर इंजिनाला हात न लावता वेग वाढतो.

इंजिन आणि पाणी यांच्यामधला दुवा कोणता?

पंखा. कोकणातला मच्छीमार ज्याला पंखा म्हणतो तो प्रोपेलर. त्याचा व्यास आणि पिच हे दोन आकडे बोटीचे वागणे ठरवतात. लाकडात स्क्रू शिरावा तसा पंखा एका फेरीत जितका पुढे जाईल, ते अंतर म्हणजे पिच. समजा इंजिन ६००० फेऱ्यांवर आहे, गिअर १.७५ चा आहे आणि पंख्याची पिच २१ इंच आहे. पंखा मिनिटाला सुमारे ३४२९ फेऱ्या घेईल आणि कागदावरचा वेग ताशी सुमारे ११० किलोमीटर निघेल. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्याने १० ते १५ टक्के घसर धरावी लागते. म्हणजे प्रत्यक्षात ९३ ते ९९ किलोमीटर.

पंख्याची भूकही समजून घ्यायला हवी. पंख्याला फिरवायला लागणारी शक्ती ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या २० टक्क्यांनी कमी केल्या, तर लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते. म्हणूनच अनुभवी चालक कमाल वेगाच्या थोडे खाली बोट ठेवतात. गमावतात थोडा वेग, वाचवतात बरेच इंधन.

सर्वांत जास्त फसगत होते ती येथेच. वेग वाढेल म्हणून मोठ्या पिचचा पंखा लावला, की इंजिन त्याच्या ठरलेल्या फेऱ्या गाठतच नाही. ६००० फेऱ्यांवर ३०० हॉर्सपॉवर देणारे इंजिन ५२०० वरच अडकले आणि टॉर्क तेवढाच राहिला, असे धरले, तरी हाती २६० हॉर्सपॉवरच येतात. चाळीस घोड्यांचे पैसे मोजले, पण ते कधी जुंपलेच गेले नाहीत. शिवाय इंजिन सतत दबून चालते, तापते आणि त्याचे आयुष्य घटते. पिच एक इंचाने कमी केली, की कमाल फेऱ्या साधारण १५० ते २०० ने वाढतात, हा या क्षेत्रातला रूढ ठोकताळा आहे. वरच्या उदाहरणात चार इंच कमी पिचचा पंखा हे दुखणे बरे करू शकतो. नव्या इंजिनाच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य असतो.

हवामानाचाही यात वाटा आहे. इंजिनाची शक्ती साधारण २५ अंश तापमानाच्या हवेत मोजून जाहीर केली जाते. कोकणातल्या मे महिन्याची दमट, तापलेली हवा विरळ असते, सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो आणि शक्ती काही टक्क्यांनी उतरते. डिसेंबरात नेमका बसलेला पंखा मे महिन्यात जड वाटू शकतो.

शर्यतीच्या बोटी कोणती इंजिने वापरतात?

शर्यतीगणिक उत्तर बदलते. एफ१एच२ओ ही पॉवरबोटींची फॉर्म्युला वन. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तिची एक फेरी आंध्र प्रदेशात विजयवाड्याजवळ कृष्णा नदीच्या पात्रात झाली होती. या बोटींमध्ये अनेक वर्षे अडीच लिटरचे, सहा सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन होते. सुमारे ४०० हॉर्सपॉवर, तीही साडेदहा हजार फेऱ्यांवर. हिशेब केला तर टॉर्क २७० न्यूटन-मीटरच्या आसपास निघतो, म्हणजे एखाद्या डिझेल एसयूव्हीपेक्षाही कमी! तरीही या बोटी ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जातात, कारण इंजिनासह बोटीचे वजन ४०० किलोच्या आत असते आणि धावताना तिचा बहुतांश भाग हवेवर तरंगत असतो. अलीकडे या क्रीडाप्रकारात ३६० हॉर्सपॉवरचे, ४.६ लिटरचे फोर-स्ट्रोक व्ही-८ इंजिन आले. फेऱ्या कमी, टॉर्क जास्त, धूर आणि तेलाचा वापर कमी. पण वजन जास्त. एका हाताने घेतले, दुसऱ्या हाताने दिले.

खुल्या समुद्रातल्या शर्यतींचे गणित वेगळे. तेथे लाटेवरून उडालेली बोट परत पाण्यात आदळते. पंखा क्षणभर हवेत मोकळा फिरतो आणि पुढच्या क्षणी त्याच्यावर पूर्ण भार येतो. हा धक्का गिअर आणि दांड्याने सोसायचा असतो. क्लास वन या सर्वोच्च गटात एकेकाळी ८.२ लिटरच्या लॅम्बोर्गिनी व्ही-१२ इंजिनांचा दबदबा होता. मर्क्युरी रेसिंगचे नऊ लिटरचे, दोन टर्बो असलेले व्ही-८ इंजिन १३५० हॉर्सपॉवर देते. म्हणजे दर लिटरमागे दीडशे हॉर्सपॉवर.

मुंबईकरांनी अशा शर्यतीची झलक मार्च २०१७ मध्ये मरिन ड्राइव्हसमोर पाहिली. पी-वन स्पर्धेतल्या सर्व बोटी एकसारख्या, २८ फुटी पँथर आणि प्रत्येकीला २५० हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड इंजिन. शक्ती समान असल्यावर निकाल चालकाच्या वळणांवर आणि ट्रिमवर, म्हणजे इंजिनाचा कोन बदलून नाळ किती उचलायची यावर ठरतो.

आउटबोर्ड इंजिनांतही ‘जास्त शक्ती म्हणजे जास्त वेग’ असे समीकरण नाही. मर्क्युरी रेसिंगचे ४५० हॉर्सपॉवरचे सुपरचार्ज्ड इंजिन ३१३ किलोचे आहे, तर ६०० हॉर्सपॉवरचे व्हेराडो ५७० किलोच्या पुढे जाते. किलोमागे शक्तीचा हिशेब केला तर लहान इंजिन वरचढ ठरते. पहिले हलक्या, वेगवान बोटींसाठी; दुसरे जड बोट न थकता रेटण्यासाठी. दोन वेगळ्या कामांची ही दोन हत्यारे आहेत.

पेट्रोल की डिझेल?

पेट्रोल इंजिन हलके, स्वस्त आणि चपळ. डिझेल जड आणि महाग, पण इंधनाला काटकसरी. ढोबळ हिशेबाने २५० हॉर्सपॉवरचे पेट्रोल आउटबोर्ड पूर्ण थ्रॉटलवर तासाला ९० ते ९५ लिटर इंधन पिते. लिटरमागे १०० रुपये धरले, तरी तासाला नऊ हजारांच्या वर. तेवढ्याच शक्तीच्या डिझेलला ५० ते ५५ लिटर पुरतात. वर्षातून काही रविवारच फिरणाऱ्या मालकाला डिझेलची जादा किंमत वसूल होत नाही. रोज सात-आठ तास चालणाऱ्या प्रवासी किंवा गस्तीच्या बोटीला ती लवकर वसूल होते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा आगीचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळात साठते आणि एका ठिणगीने भडकते. म्हणून आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनाच्या बोटीत सुरू करण्यापूर्वी काही मिनिटे पंखा लावून तळातली हवा बाहेर काढावी लागते. नेहमीच्या तापमानाला डिझेल इतक्या सहज पेट घेत नाही. लष्करी आणि गस्तीच्या बोटी डिझेलकडे झुकतात, त्यामागे हेही कारण आहे.

डिझेल म्हणजे संथ, हा समज इटलीच्या फाबियो बुझी यांनी खोडून काढला. डिझेल इंजिनांच्या बोटी घेऊन त्यांनी खुल्या समुद्रातल्या शर्यती जिंकल्या आणि विक्रम केले. मात्र १७ सप्टेंबर २०१९ रोजी मोनॅको ते व्हेनिस या विक्रमी धावेच्या अगदी शेवटी त्यांची बोट व्हेनिसजवळ रात्रीच्या अंधारात बांधावर आदळली आणि बुझींसह तिघांचा मृत्यू झाला.

विजेवर चालणाऱ्या वेगवान बोटी येतील का?

शर्यतीत आल्याही आहेत. ई-वन या विद्युत पॉवरबोटींच्या मालिकेची पहिली शर्यत फेब्रुवारी २०२४ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दाह येथे झाली. पहिल्या हंगामातल्या एका संघाच्या मालकीत विराट कोहलीचाही वाटा होता. या बोटी पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जातात आणि दीडशे किलोवॅटच्या मोटरवर ५० नॉट, म्हणजे ताशी ९३ किलोमीटर गाठतात.

विजेची मोटर पहिल्या फेरीपासून पूर्ण टॉर्क देते. त्यामुळे उंचवटा ओलांडणे सोपे जाते. अडसर आहे तो ऊर्जेच्या साठ्याचा. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. एक किलो बॅटरीत पाव किलोवॅट-तासही मुश्किलीने. मोटरची कार्यक्षमता तिप्पट धरली, तरी दरी मोठीच राहते. आणि वजन हा वेगवान बोटीचा पहिला शत्रू आहे. त्यामुळे लहान पल्ल्याच्या बंदरातल्या बोटींना वीज आधी मानवेल, लांब पल्ल्याच्या वेगवान बोटींना उशिरा.

शक्ती किती झाली म्हणजे जास्त?

बोटीला ब्रेक नसतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारी बोट सेकंदाला २२ मीटर कापते. वेग दुप्पट झाला, की धडकेची ऊर्जा चौपट होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी सुरू असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीवरील नियंत्रण सुटले आणि ती घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. १५ जणांचा बळी गेला. वेगवान इंजिनाची परीक्षा कोठे आणि कशी घ्यायची, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही, हे त्या दिवशी दिसले.

प्रत्येक बोटीच्या तळाची आणि मागच्या फळीची शक्ती पेलण्याची मर्यादा असते. अमेरिकेत २० फुटांखालील आउटबोर्ड बोटींवर कमाल हॉर्सपॉवर सांगणारा फलक बंधनकारक आहे. युरोपातही निर्मात्याच्या फलकावर आणि पुस्तिकेत इंजिनाची मर्यादा दिलेली असते. ती ओलांडली, तर मागचे वजन वाढून बोट लाटेत पाणी घेते, वेगात नाळ डावी-उजवीकडे डुलू लागते आणि शेवटी उलटते. शक्ती कमी पडली म्हणून बोट बुडाल्याची उदाहरणे कमी, ती आवरली नाही म्हणून उलटल्याची अधिक.

वेगाच्या टोकाला तर इंजिन हा प्रश्नच उरत नाही. ब्रिटनचे डोनाल्ड कॅम्पबेल यांची जेट इंजिनाची ‘ब्लूबर्ड’ ४ जानेवारी १९६७ रोजी ताशी ३०० मैलांच्या पुढे असताना पाण्यावरून उचलली गेली आणि कोलांटी खाऊन बुडाली. कॅम्पबेल मृत्युमुखी पडले. ऑस्ट्रेलियाचे केन वॉर्बी यांनी ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ताशी ५११ किलोमीटरचा विक्रम केला. त्यांच्या बोटीला जुन्या लष्करी विमानाचे जेट इंजिन होते. त्यानंतर कितीतरी अधिक शक्तीची इंजिने आली, पण बोट पाण्याला धरून ठेवण्याचे कोडे कायम राहिले.

बोट घेताना किंवा इंजिन बदलताना काय विचारावे?

पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा नसून कामाचा असावा. पॅराशूट ओढणाऱ्या बोटीला कमाल वेग नको, मंद गतीत अखंड ओढ हवी; तिला मधल्या फेऱ्यांवरचा टॉर्क आणि कमी पिचचा पंखा लागतो. मांडव्याला प्रवासी नेणाऱ्या बोटीला पूर्ण भारासह प्लेनवर येता आले पाहिजे. गस्तीच्या बोटीला दोन्ही लागते आणि एक इंजिन बंद पडले तरी परतता यावे म्हणून दुसरेही.

त्यानंतर चार गोष्टी तपासाव्यात. शक्ती पंख्याच्या दांड्यावर मोजलेली आहे की इंजिनाच्या? आउटबोर्डची ती साधारणपणे पंख्याच्या दांड्यावर दिली जाते. आत बसवलेल्या इंजिनांबाबत विचारून घ्यावे. बोटीच्या फलकावरची मर्यादा किती? पूर्ण भारासह चाचणीत इंजिन ठरलेल्या फेऱ्या गाठते का? आणि ही बोट दुरुस्त करणारा जवळच्या बंदरात आहे का? चाचणी रिकाम्या बोटीवर घेऊ नये. रिकामी बोट नेहमीच चांगली पळते.

आणखी एक स्वस्त सवय. चालकाच्या मनगटाला किंवा जीवरक्षक जाकिटाला बांधायची लाल दोरी, म्हणजे किल कॉर्ड. चालक फेकला गेला, की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडते. अमेरिकेने एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालील वेगवान बोटींना ती वापरणे सक्तीचे केले. आपल्याकडे अनेक बोटींवर ती दोरी असते, पण खुंटीला अडकवलेली. अडीचशे घोडे हाकणाऱ्याच्या हातात हा एकच लगाम असतो, तो निदान बांधलेला असावा.